कपाट तुमचेच ना?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. आमच्या घरात किल्ली हरवणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण या खेपेस ती मी स्वतः ठेवली होती, आणि कोणालाही न सांगता ठेवली होती. लक्ष्मीपूजनाची चांदीची भांडी आत, भाजणीचा घमघमाट बाहेर, आणि मधे मी, अशी अवस्था झाली. सौ.ने दोन दिवस मौन पाळले. ती बोलत नाही तेव्हाच परिस्थिती गंभीर असते, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना सांगावयास नको.

अखेर मंडईजवळ फुटपाथवर बसणाऱ्या एका किल्लीवाल्याला घरी आणले. त्याने कपाटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि आपली पिशवी न उघडताच विचारले, "कपाट तुमचंच ना, साहेब?"

मला जरा रागच आला. माझे घर, माझे कपाट, मीच याला रिक्षात घालून आणलेला! मी म्हणालो, "मग काय शेजाऱ्यांचं?" त्यावर तो शांतपणे सौ.कडे वळला. "बाई, उघडू ना?" सौ.ने मौन सोडून होकार दिला, तेव्हा कोठे त्याने दोन वाकड्या तारा बाहेर काढल्या. पुढचे काम दोन मिनिटांचेही नव्हते. ज्या कुलपाच्या भरवशावर आम्ही वीस वर्षे गाढ झोपलो, ते चहाला आधण येण्याच्या आत उघडले.

दारात आमचे चिरंजीव उभे होते. ते म्हणाले, "बाबा, तीन महिने मी तुम्हाला दुसरं काय सांगत होतो?"

त्या कपाटात चांदीच्या भांड्यांशेजारी आणखी एक वस्तू होती. बोटाच्या पेराएवढी एक पेनड्राइव्ह. श्रावणात मी ती चिरंजिवांकडून जप्त करून कुलपात टाकली होती, आणि किल्ली लपवली होती ती त्याच कारणाने. ही हकीकत सांगण्यापूर्वी त्या पेनड्राइव्हमध्ये काय होते ते सांगितले पाहिजे.

त्यात 'काली' होती. नाव ऐकून सौ.ने प्रथम हातच जोडले. पण ही काली म्हणजे 'काली लिनक्स' नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोठीत काय ठेवायचे, दाराशी कोण आले, कोणाला आत घ्यायचे, हे सारे तोच पाहतो. आपण दुकानातून संगणक आणतो तेव्हा हा कारभारी बहुधा आधीच नेमलेला असतो, आणि त्याच्या वह्या आपल्याला पाहू दिल्या जात नाहीत. लिनक्सचे तसे नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 1991 साली तिची सुरुवात केली, आणि तिच्यातील ओळन् ओळ जगापुढे उघडी ठेवली. कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. अशा उघड्या कारभाराला 'मुक्तस्रोत' असे म्हणतात. त्याच झाडाला 1993 साली डेबियन नावाची फांदी फुटली, आणि डेबियनवरच आधारलेली काली 2013 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली.

कालीचे वैशिष्ट्य असे, की तिच्याबरोबर कुलपे तपासण्याची शेकडो हत्यारे येतात. एनमॅप नावाचे एक हत्यार दुसऱ्या संगणकाची कोणकोणती दारे उघडी आहेत ते मोजून सांगते. वायरशार्क तारेतून काय वाहते आहे ते दाखवते. 'जॉन द रिपर' असे खाटकासारखे नाव असलेले तिसरे एक आहे. ते परवलीचे शब्द किती कच्चे आहेत ते पाहते. चिरंजिवांनी माझी रीतसर परवानगी घेऊन माझ्या संगणकावर त्याचा प्रयोग केला. मी कपभर चहा संपवीपर्यंत त्यांनी माझा परवलीचा शब्द कागदावर लिहून दिला. 'ज्ञानेश्वर' आणि पुढे 123. मराठीच्या प्राध्यापकाचा परवलीचा शब्द दुसरा काय असणार, असे त्यांचे म्हणणे पडले.

येथवर सारे हसण्यावारी चालले होते. श्रावणात मात्र एक फोन आला.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. एका संस्थेच्या संकेतस्थळावर ते आपली गुणपत्रिका पाहावयास गेले. वरच्या पत्त्यात आपला क्रमांक दिसत होता. तो टाइप करताना शेवटचा आकडा चुकला, आणि पडद्यावर भलत्याच मुलीची गुणपत्रिका उभी राहिली. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन नंबर, सारे काही. म्हणजे एकेक आकडा वाढवीत गेले की शेकडो मुलामुलींचे पत्ते ज्याला त्याला मिळावेत! मुलाने पान बंद केले आणि संस्थेला एक सभ्य पत्र लिहिले: 'आपल्या व्यवस्थेत अमुक दोष आहे, कृपया दुरुस्त करावा.' खाली आपले नाव आणि पत्ताही दिला. आठ दिवसांनी मला फोन. "तुमच्या मुलाने आमच्या यंत्रणेत घुसखोरी केली आहे. पोलिसांत देऊ."

वाचकहो, अशा वेळी बाप जे करतो तेच मी केले. मुलाला काही विचारण्यापूर्वी त्याच्यावर ओरडलो. टेबलावर कालीची पेनड्राइव्ह दिसली, ती उचलली आणि कपाटात कोंडली. वास्तविक त्या चुकलेल्या आकड्याशी कालीचा काडीचाही संबंध नव्हता; तो आकडा तुमच्या-माझ्याही हातून चुकला असता. पण भ्यालेल्या माणसाला कोणीतरी गुन्हेगार लागतो. मुलगा एवढेच म्हणाला, "दार उघडं आहे असं सांगायला गेलो, तर मलाच चोर ठरवलं. मग यापुढे कोण सांगायला जाईल?"

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. आणि गंमत अशी, की त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते मला माझ्याच विषयात अर्धेमुर्धे सापडले.

मराठीच्या विद्यार्थ्याला महानुभावांच्या लिप्या ठाऊक असतात. 'लीळाचरित्रा'सारखा आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथ पंथीयांनी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत जपून ठेवला. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरेच चिन्ह. किल्ली फक्त पंथातील माणसांपाशी. त्यामुळे ग्रंथ टिकले, हे पंथाचे मोठेच उपकार. पण त्यामुळेच शतकानुशतके बाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतील इतक्या जुन्या गद्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटाटोपाने आणि महंतांच्या औदार्याने ती किल्ली बाहेर आली. एकदा ती आल्यावर मात्र एक पोथी वाचणाऱ्याला सगळ्या पोथ्या वाचता येऊ लागल्या. गुप्तता सारी पद्धतीत होती. पद्धत कळली, की कुलूप संपले.

नेमका हाच मुद्दा 1883 साली एका भाषेच्या प्राध्यापकाने मांडला होता, हे वाचून मला आमच्या जमातीचा अभिमान वाटला. ऑगुस्त केरखॉफ्स हा मूळचा डच गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवीत असे. लष्करी गुप्तलेखनावर त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात सांगितले, की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. कुलूप कसे बनवले हे साऱ्या गावाला माहीत असावे, आणि तरीही ते तुमच्या किल्लीवाचून उघडू नये, तर ते खरे कुलूप. आज बँकेच्या व्यवहारांपासून फोनवरील संदेशांपर्यंत जे गुप्तलेखन वापरले जाते, ते याच सूत्रावर उभे आहे. मुक्तस्रोताचा आग्रहही त्याच जातीचा: यंत्र उघडे करून दाखवा, म्हणजे चार शहाणी माणसे त्यातील दोष काढतील.

चार शहाणी माणसे प्रत्येक वेळी काढतातच असे मात्र नाही. 'हार्टब्लीड' नावाचा एक मोठा दोष उघड्या ओळींमध्ये दोन वर्षे पडून होता. तो 2014 साली लक्षात आला. 2024 च्या मार्चमध्ये तर याहून भयंकर प्रकार झाला. एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा उपकरणात कोणी इसमाने मोठ्या चिकाटीने विश्वास संपादन करून चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद उशीर का लागतो असा संशय आला, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता ते चोरदार सापडले. कुलपे तपासणारी आमची कालीसुद्धा तीन-चार दिवस त्या दोषासकट वाटली जात होती! ओळी उघड्या होत्या म्हणून चोराला आत येता आले, हे खरे. आणि ओळी उघड्या होत्या म्हणूनच एका चिकित्सक माणसाला त्याला पकडता आले, हेही खरे.

पण दूर कशाला जा? पुणेकराला 2018 चा ऑगस्ट आठवत असेल. तारीख 11, शनिवार. 1906 साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर त्या दिवशी दरोडा पडला, पण गणेशखिंड रस्त्यावरच्या इमारतीची काचदेखील फुटली नाही. आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा 'या माणसाला पैसे द्यावेत काय?' असा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो, आणि तेथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी मधल्या मधे आपला एक तोतया कारकून बसवला. प्रश्न मुख्य यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. तोतया प्रत्येकाला 'द्या' म्हणत राहिला. काही तासांत 28 देशांतून आणि भारतातूनही, बनावट कार्डांनी, चौदा हजारांहून अधिक वेळा पैसे काढले गेले. सोमवारी 13 तारखेला आणखी सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात गेले. एकूण आकडा 94 कोटींच्या वर. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तत्काळ जाहीर केले. पुढे 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला. पुणे पोलिसांनी यंत्रांतून पैसे उचलणारी माणसे धुंडाळून काढली, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

काली असती तर दरोडा टळला असता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण यानंतर दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षिततेची प्राथमिक चौकट घालून दिली, आणि आज बँका पैसे मोजून अशा माणसांना बोलावतात, की 'या, आणि आमच्या दारांवर चोरासारखा घाव घालून पाहा.' ती माणसे हत्यारे वापरतात ती कालीतलीच. आमचे चिरंजीव जो उद्योग फुकट शिकत होते, तो पुण्यात पगार देऊन करवून घेतला जातो, ही वार्ता मला अंमळ उशिरा कळली.

पेनड्राइव्हमध्ये आणखी एक चीज होती. तिचे नाव 'टेल्स'. ही कालीची चुलत बहीण. तीही डेबियनच्याच घरातली, पण स्वभाव अगदी निराळा. काली दारे ठोठावीत फिरते, ही तोंडावर पदर घेऊन चालते. पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करायचा, काम करायचे, बंद करायचा. संगणकाच्या स्वतःच्या कोठीत तिची एकही खूण उरत नाही. 2009 पासून ती प्रसिद्ध होत आली आहे. 2013 साली एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकेच्या हेरगिरीची कागदपत्रे पत्रकारांपर्यंत पोचवली, तेव्हा तिचे नाव सर्वतोमुखी झाले.

टेल्समधून जे काही बाहेर जाते ते 'टॉर' नावाच्या वाटेने जाते. या वाटेची कल्पना आपल्या लासलगावकरांना एका वाक्यात समजेल, कारण ती कांद्यावरूनच घेतलेली आहे. तुमच्या पत्रावर एकावर एक तीन पापुद्रे चढवले जातात. पहिल्या टप्प्यावरचा माणूस वरचा पापुद्रा काढतो. पत्र कोणाकडून आले ते त्याला कळते, पण शेवटी कोठे जाणार ते कळत नाही. तिसऱ्याला ते कोठे जाणार हे कळते, पण कोणी पाठवले याचा पत्ता नसतो. मधल्याला दोन्ही ठाऊक नसते. संपूर्ण कांदा कोणाच्याच हाती लागत नाही.

ही युक्ती निघाली अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत, आणि 2002 पासून टॉर सर्वांना खुला झाला. नौदलाने आपले शस्त्र लोकांना का वाटावे? कारण साधे आहे. त्या वाटेने केवळ नौदलाचीच माणसे चालली असती, तर त्या वाटेवर दिसेल तो नौदलाचा, हे कोणीही ओळखले असते. माणसाला लपावयाचे तर गर्दी हवी. वारीत एकटा वारकरी शोधून काढणे किती कठीण, ते आषाढात पुण्याच्या पोलिसांना विचारावे.

"पण सभ्य माणसाला लपायचं कशाला?" असे सौ.ने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी तिला लोकहितवादींची आठवण करून दिली. 1848 साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकातून पुण्याच्या सनातनी समाजाचे वाभाडे काढणारी पत्रे येऊ लागली, तेव्हा खाली गोपाळ हरी देशमुख अशी सही नसे. सरकारी नोकरी आणि पुण्यातील बिऱ्हाड, दोन्ही सांभाळून शंभरावर पत्रे लिहावयाची, तर टोपणनावाचा पदर घेणे भागच होते. त्या पदराआडून महाराष्ट्राचे भलेच झाले. आजही नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून कायद्याची माहिती शोधणारी बाई असते, घरात सांगता न येणाऱ्या आजाराविषयी वाचू पाहणारा मुलगा असतो, वरिष्ठांचा भ्रष्टाचार उघड करू पाहणारा कारकून असतो. या सर्वांना पदराची गरज आहे. त्याच पदराआडून अफू-गांजाचे आणि चोरीच्या मालाचे बाजारही चालतात, हेही सौ.पासून मी लपवून ठेवले नाही. शिवाय पदर घेऊन कोणी आपल्या नेहमीच्या खात्यात आपल्याच नावाने शिरू लागला, तर कांद्याचे सगळे पापुद्रे फुकट! हे टेल्सचे कर्तेसुद्धा बजावून सांगतात.

आता कायद्याचे पाहू, कारण भीती मला त्याचीच वाटली होती. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमात सारा भर एका शब्दावर आहे: परवानगी. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीवाचून आत शिरणे हा अपराध. तेच कृत्य लबाडीच्या हेतूने केले, तर 66 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काली किंवा टेल्स जवळ बाळगल्याबद्दल त्या कलमांत अवाक्षर नाही. किल्लीवाल्याच्या पिशवीतील वाकड्या तारांसारखेच ते आहे. आणि कोणाच्या घराचे दार उघडे दिसलेच, तर कळवण्यासाठी सर्ट-इन नावाची सरकारी संस्था 2004 पासून आहे. आपण एकट्याने पत्र पाठवून धमकीचा फोन ओढवून घेण्यापेक्षा तिच्यामार्फत कळवावे, हे बरे. हे मला श्रावणात ठाऊक असते तर मी ओरडलो नसतो, असे मला म्हणावयाचे आहे. पण मुलगा हे पान वाचणार असल्याने इतके खात्रीने लिहवत नाही.

त्या संस्थेत मी मुलाला घेऊन स्वतः गेलो होतो. पत्र पुढे ठेवले. साहेबांनी ते दोनदा वाचले, काही बोलले नाहीत. महिन्याभरात तो दोष दुरुस्त झाला. पोलिसही आले नाहीत आणि आभाराचे पत्रही आले नाही. मुलाने नंतर एकदा संकेतस्थळ पाहिले आणि म्हणाला, "चला, त्या मुलीचा पत्ता तरी झाकला गेला." माझा मुलगा भला आहे, हे मला त्या दिवशी नव्याने कळले, आणि पेनड्राइव्ह तरीही मी कपाटातच ठेवली होती, याची लाज वाटली.

धनत्रयोदशीला किल्लीवाल्याने कपाट उघडले तेव्हा ही सारी लाज भांड्यांबरोबर बाहेर आली. ज्याला शहरातले कुठलेही कुलूप उघडता येते, तो फुटपाथवर छत्रीखाली बसतो, आणि तारा काढण्यापूर्वी दोघांना दोनदा विचारतो. त्याला ती कला येते म्हणून मंडईत कोणी त्याला चोर म्हणत नाही. उलट लोक आपल्या घरात नेतात. मग माझ्या मुलालाच ती कला येऊ नये, असे मी का म्हणावे?

पेनड्राइव्ह मी त्याच्या हाती दिली. अटी तीन घातल्या, आणि ज्यांच्या घरी असे चिरंजीव किंवा कन्यारत्न असेल त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो. पहिली, सराव आपल्याच संगणकावर करावा. 'मेटास्प्लॉइटेबल'सारख्या मुद्दाम दोष ठेवलेल्या यंत्रणा सरावासाठी फुकट मिळतात. दुसरी, काली काय किंवा टेल्स काय, मूळ कर्त्यांकडूनच उतरवून घ्यावी आणि तिची मोहर ताडून पाहावी. कोणा मित्राने दिलेली पेनड्राइव्ह घेऊ नये. कालीचे कर्ते तर नवख्यांनी रोजच्या वापरासाठी ती घेऊच नये असे सांगतात, तेव्हा घरातील बँकेचे व्यवहार निराळ्या संगणकावर. तिसरी अट मी सांगण्यापूर्वीच चिरंजिवांनी सांगून टाकली. "कपाट तुमचंच ना, असं आधी विचारायचं. कळलं, बाबा."

माझा परवलीचा शब्दही मी बदलला आहे. नवा काय ठेवला ते सांगणार नाही. केरखॉफ्सची तशी आज्ञा आहे. कपाटाची जुनी किल्ली मात्र भाऊबिजेला सापडली. मीच ती शब्दकोशात, 'क'च्या पानात ठेवली होती. सौ.ला हे अजून सांगितलेले नाही.